बालशोषणाचं जाळं सापडल्यावर साइट त्याच दिवशी बंद का करत नाहीत?

अवंती_क (धागाकर्ती)

मार्च २०२५ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पोलिसांनी युरोपोलच्या (युरोपीय संघाच्या पोलीस यंत्रणेच्या) मदतीने 'किडफ्लिक्स' हा डार्क वेबवरचा, म्हणजे नेहमीच्या ब्राउझरने न उघडणाऱ्या लपलेल्या इंटरनेटवरचा, अड्डा बंद केला. एप्रिल २०२२ पासून तिथे जगभरातून १८ लाख लोक येऊन गेले होते. ओळख पटलेले संशयित १,३९३, अटक ७९, जप्त उपकरणं ३,००० च्या वर, संरक्षण मिळालेली मुलं ३९. पस्तीसहून जास्त देशांचे पोलीस या कामात होते. तपास सुरू झाला २०२२ मध्ये आणि सर्व्हर ताब्यात आला २०२५ मध्ये. मधल्या काळात तिथे तासाला सरासरी तीन-साडेतीन नवे व्हिडिओ चढत होते.

माझं मत स्पष्ट आहे. अशी जागा सापडली की त्याच दिवशी बंद झाली पाहिजे. जास्त आरोपी मिळावेत म्हणून ती चालू ठेवणं म्हणजे त्या मुलांचं रोज नव्याने नुकसान करणं. तपास आणि कायदा जाणणाऱ्यांनी यावर लिहावं. मजकुराचं वर्णन कुणीही करू नये, फक्त तपासाबद्दल बोलू.

हार्डडिस्क

अवंती, राग समजतो. पण साइट म्हणजे एक यंत्र. ते बंद केलं की यंत्र बंद होतं, ज्या घरात मूल आहे ते घर तसंच राहतं. सदस्य दुसरीकडे जातात, फाइलींच्या प्रती त्यांच्या घरी असतातच, आणि कोण कुठे होतं हे सांगणाऱ्या नोंदी मात्र हातच्या जातात.

१९९८ चं 'ऑपरेशन कॅथेड्रल' पाहा. 'वंडरलँड क्लब' या टोळीवर बारा-तेरा देशांत एकाच वेळी छापे पडले, शंभरावर लोक पकडले, साडेसात लाख चित्रं मिळाली. एकाच वेळी छापे घालायचे कारण सरळ आहे. एका देशात अटक झाल्याची बातमी फुटली की उरलेल्या देशांतले डिस्क पुसून मोकळे होतात. म्हणजे छाप्याचा भाग उत्तम पार पडला. पण त्या चित्रांमध्ये १,२६३ वेगवेगळी मुलं होती आणि ओळख पटली वीसहूनही कमी मुलांची. आरोपींच्या याद्या जुळवणारी यंत्रणा तेव्हा होती, मुलांना शोधणारी नव्हती. आजची सगळी पद्धत त्या अपयशातून उभी राहिली आहे.

जमाखर्च

पैशाच्या बाजूने लिहितो. 'वेलकम टू व्हिडिओ' ही साइट जून २०१५ ते मार्च २०१८ दक्षिण कोरियातून चालत होती. ती उघडकीला आणण्यात अमेरिकेच्या आयकर खात्याचा गुन्हे विभाग पुढे होता, जोडीला होमलँड सिक्युरिटी, ब्रिटनची नॅशनल क्राइम एजन्सी आणि कोरियन पोलीस.

दोन धागे एकत्र आले. पहिला बिटकॉइनचा. साइट प्रत्येक सदस्याला पैसे भरायला वेगळा पत्ता देत होती. बिटकॉइनची खातेवही उघडी असते, कुठल्या पत्त्यावरून कुठे किती गेले हे कायमचं लिहिलेलं राहतं. नाव तेवढं नसतं. तपासनीसांनी साइटच्या पत्त्यांचा एक गट बांधला आणि त्यात पैसे कुठून येतात ते मागे मागे पाहत गेले. माग बहुतेक वेळा एखाद्या एक्स्चेंजपाशी, म्हणजे बिटकॉइन विकत घेण्या-विकण्याच्या कंपनीपाशी, थांबतो, आणि एक्स्चेंजकडे केवायसी असतं. न्यायालयीन आदेश दिला की नाव, ओळखपत्र, बँक खातं मिळतं. किमान ७,३०० व्यवहार, ४२० बिटकॉइन, तेव्हाच्या दराने ३,७०,००० डॉलरहून जास्त.

दुसरा धागा म्हणजे चालकाची चूक. साइट लपवलेली होती, पण पानामागच्या कोडमध्ये (सोर्समध्ये) खरा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ठिकाणा सांगणारा क्रमांक, उघडा राहिला होता. तो एका कोरियन कंपनीचा निघाला आणि तिथून थेट घर सापडलं.

मार्च २०१८ मध्ये सर्व्हर जप्त झाला, सुमारे ८ टेराबाइट माल. पण जाहीर घोषणा झाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. मधल्या दीड वर्षात सर्व्हरवरच्या नोंदींवरून देशोदेशी पाकिटं गेली: हा तुमचा नागरिक, हे त्याचे व्यवहार, या त्याने चढवलेल्या-उतरवलेल्या फाइली. ३८ देशांत ३३७ अटका. अमेरिका, ब्रिटन आणि स्पेनमधली किमान २३ मुलं सुटली, त्यांच्यावर तेव्हा प्रत्यक्ष अत्याचार चालू होते.

तळटीप

म्हणजे इथे सर्व्हर आधी जप्त झाला आणि माग नंतर काढला. साइट चालू ठेवावी लागली नाही. अवंती यांच्या बाजूचाच दाखला झाला की हा!

जमाखर्च

@तळटीप, अंशतः. पैसे भरणाऱ्यांचा माग खातेवहीत आधीच होता, म्हणून थांबायची गरज पडली नाही. जिथे पैशाचा व्यवहारच नाही, फाइलींची अदलाबदल आहे, तिथे ही सोय नसते. किडफ्लिक्सवर व्हिडिओ पाहण्यासाठीची टोकन क्रिप्टोने घेता येत होती, तशीच व्हिडिओ चढवून किंवा त्यांची शीर्षकं-वर्गवारी तपासूनही मिळत होती. दुसऱ्या प्रकारच्या सदस्याने एक पैसाही भरलेला नसतो.

विधीज्ञा_ठाणे

कोरियाच्या प्रकरणाचा कायद्याचा भाग फार निराश करणारा आहे, तो सांगायलाच हवा. चालकाला कोरियात मिळाली फक्त १८ महिने कैद. अमेरिकेने आरोपपत्र ठेवून प्रत्यार्पण मागितलं. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होत नाही, म्हणून मागणीत पैसे फिरवण्याचा (मनी लाँडरिंगचा) आरोप पुढे करावा लागला. सोलच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये प्रत्यार्पण नाकारलं. पुढे २०२२ मध्ये गुन्ह्याचा पैसा लपवल्याबद्दल त्याला कोरियातच दोन वर्षं झाली. त्याच्या साइटवरच्या काही गिऱ्हाइकांना अमेरिकेत त्याच्यापेक्षा कितीतरी पट शिक्षा झाल्या आहेत.

तांत्रिक तपास कितीही चोख असला तरी शेवट ठरतो तो आरोपी कुठल्या देशात बसला आहे यावर. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे कुलाब्याच्या 'अँकरेज' या मुलांच्या आश्रयगृहाचं प्रकरण. गुन्हा २००१ चा, आरोपी दोन ब्रिटिश नागरिक, त्यांतल्या एकाला अमेरिकेतून प्रत्यार्पण करून आणावं लागलं. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. गुन्ह्यापासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षं गेली. त्याआधी गोव्यात अनाथालय चालवणाऱ्या फ्रेडी पीटला १९९१ मध्ये पकडलं, घरात दोन हजारांहून जास्त छायाचित्रं मिळाली आणि जन्मठेप झाली १९९६ मध्ये. तेव्हा इंटरनेट नव्हतं, पण गिऱ्हाइकं परदेशातली होतीच.

मध्यममार्ग

अवंती यांच्या मुद्द्याची खरी कसोटी 'प्लेपेन' आहे. २०१५ मध्ये एफबीआयने ही साइट ताब्यात घेतली आणि बंद न करता २० फेब्रुवारी ते ४ मार्च, म्हणजे १३ दिवस, सरकारी सर्व्हरवरून चालवली. लॉग इन करणाऱ्याच्या संगणकावर छोटा प्रोग्रॅम जाई आणि तो खरा आयपी पत्ता कळवी. देशात-परदेशात मिळून शेकडो अटका झाल्या, कितीतरी मुलं सापडली, संस्थापकाला ३० वर्षं.

बिघडलं ते असं. व्हर्जिनियातल्या एका मॅजिस्ट्रेटच्या एकाच वॉरंटवर जगभरचे संगणक तपासले. अमेरिकेच्या फौजदारी प्रक्रियेच्या तेव्हाच्या ४१ व्या नियमाप्रमाणे मॅजिस्ट्रेटचा अधिकार आपल्या जिल्ह्यापुरता होता. अनेक न्यायालयांनी ते वॉरंट चूक ठरवलं, तरी पोलीस सद्हेतूने वागले म्हणून बहुतेक ठिकाणी पुरावा टिकला. नियम नंतर १ डिसेंबर २०१६ पासून बदलला. वॉशिंग्टन राज्यातल्या एका खटल्यात न्यायालयाने तो प्रोग्रॅम कसा चालतो ते बचाव पक्षाला दाखवायला सांगितलं. सरकारने दाखवला नाही आणि २०१७ मध्ये खटलाच मागे घेतला. साधन गुप्त ठेवायचं की आरोपी शिक्षेपर्यंत न्यायचा, यातलं एकच मिळतं.

अवंती_क

तेरा दिवस! आणि त्या तेरा दिवसांत सरकारी यंत्रावरून ज्या मुलांची चित्रं वाटली गेली त्यांना कुणी विचारलं? आयुष्यभर आपलं चित्र फिरतंय या भीतीत ती जगतात, आणि त्यात सरकारची भर. मला हे कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

मध्यममार्ग

यावर तुमच्याशी सहमत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड पोलिसांच्या 'टास्क फोर्स आर्गोस'ने 'चाइल्ड्स प्ले' ही साइट तर २०१६-१७ मध्ये तब्बल ११ महिने चालवली. नॉर्वेच्या एका वृत्तपत्राने ते उघड केल्यावर यावर मोठा वाद झाला. आर्गोसचं म्हणणं असं की प्रत्यक्ष अत्याचार करणारे ओळखण्यासाठी तेवढा काळ लागलाच. मुदत ठरलेली हवी, देखरेख न्यायालयाची हवी आणि प्रत्येक आठवड्याला 'किती मुलं सापडली' याचा हिशेब हवा, असं मी म्हणेन. नुसत्या सदस्यांच्या याद्या वाढवायला चालू ठेवणं मान्य नाही.

जर्मनीने वेगळी वाट काढली. अशा अड्ड्यांत आत घ्यायच्या आधी नव्या माणसाकडून चित्र मागतात, कारण पोलीस ते देणार नाही हे त्यांना माहीत असतं. २०२० मध्ये जर्मनीने कायदा बदलून, न्यायालयाच्या परवानगीने, तपासनीसांना संगणकाने तयार केलेली चित्रं वापरायला मुभा दिली. खऱ्या मुलाचं चित्र पोलिसांच्या हातून पुढे जाऊ नये हा हेतू.

नकाशा

या सगळ्यात ज्या टेबलावर खरं काम होतं त्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. पीडित मुलाची ओळख पटवणारं टेबल.

जप्त डिस्कवर लाखो फाइली असतात. माणसाने सगळ्या पाहणं अशक्य आणि अमानुष. म्हणून आधी हॅश काढतात, म्हणजे प्रत्येक फाइलीवरून निघणारा ठशासारखा आकडा. साधा हॅश फाइलीचा एक बिट बदलला तरी बदलतो, म्हणून २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि प्राध्यापक हनी फरीद यांनी फोटोडीएनए तयार केलं. चित्र लहान-मोठं केलं, पुन्हा सेव्ह केलं तरी त्याचा ठसा जुळतो. आधी माहीत असलेल्या फाइली बाजूला काढल्या की उरतो नवा माल. हाच सगळ्यात तातडीचा, कारण नवी फाइल म्हणजे बहुधा अजून त्याच घरात असलेलं मूल. 'वेलकम टू व्हिडिओ'मध्ये तपासलेल्यांपैकी ४५ टक्के व्हिडिओंत कुठल्याही यंत्रणेने आधी न पाहिलेली दृश्यं होती.

नवा माल इंटरपोलच्या आयसीएसई या बाललैंगिक शोषणाच्या चित्रांच्या डेटाबेसमध्ये जातो. तो २००९ पासून आहे. एकाच मुलाची, एकाच खोलीतली चित्रं तिथे मालिकेत बांधली जातात. दोन देश नकळत एकाच मुलामागे धावत नाहीत ना, हेही तिथेच कळतं. मग पार्श्वभूमी वाचतात. विजेच्या सॉकेटचा आकार, बिस्किटाच्या पुड्यावरची भाषा, शाळेच्या गणवेशाचा रंग, खिडकीबाहेरचं झाड, मागे ऐकू येणारी रेल्वेची घोषणा. यातून देश, मग शहर. 'ब्लॅकरिस्ट' या मोहिमेचं नावच काही मुलांच्या मनगटावरच्या पट्ट्यावरून पडलं. अकरा मुलांच्या चित्रांवरून सुरू झालेला तपास थायलंड आणि ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि पन्नास मुलं सुटली. थायलंडमधल्या मुख्य आरोपीला १४६ वर्षं, अ‍ॅडलेडमधल्याला ४० वर्षं ३ महिने.

चेहरा लपवलाय म्हणून सुटतो असंही नाही. २००७ मध्ये एकाने आपला चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून चित्रं टाकली होती. जर्मन तज्ज्ञांनी तो उलटा फिरवला आणि इंटरपोलने पहिल्यांदाच जगभरातल्या लोकांना आवाहन केलं. अकराव्या दिवशी तो थायलंडमध्ये अटकेत होता.

समुपदेशक_मिरज

@नकाशा, उत्तम लिहिलंत. हे काम करणाऱ्यांची काळजी हाही पद्धतीचाच भाग आहे. व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहणं, कृष्णधवल करून पाहणं, सलग किती वेळ बसायचं याची मर्यादा, नियमित समुपदेशन. आवाज सर्वांत खोल जखम करतो, म्हणून तो शेवटी आणि गरज असेल तरच.

आणि पत्ता सापडला म्हणजे मूल सुटलं असं नव्हे. अत्याचार करणारा बहुधा घरातला किंवा ओळखीतलाच असतो. आपली चित्रं बाहेर गेली आहेत हे मुलाला माहीतच नसतं, त्यामुळे विचारल्यावर ते नाही म्हणतं. सारखे प्रश्न विचारले की आणखी मिटून जातं. पॉक्सोच्या २४ व्या कलमाप्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. बालकल्याण समितीने सहायक व्यक्ती नेमायची. हे नीट झालं नाही की पुढे न्यायालयात मूल जबाब फिरवतं आणि खटला कोसळतो.

पंचनामा

भारतातला मार्ग लिहितो. अमेरिकन कंपन्यांना असं काही आढळलं तर बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एनसीएमईसी या तिथल्या संस्थेच्या सायबर टिपलाइनला कळवावंच लागतं. २०२३ मध्ये तिथे ३ कोटी ६२ लाख अहवाल आले, त्यांत भारताशी जोडलेले सुमारे ८९ लाख. २०१९ च्या करारानुसार भारताचे अहवाल एनसीआरबीकडे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे) येतात, तिथून राज्याकडे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र सायबरकडे, तिथून जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात. महाराष्ट्र सायबरचं 'ऑपरेशन ब्लॅकफेस' याच माहितीवर उभं होतं.

अडतं कुठे? एक, आकार. मेटाने २०२० च्या दोन महिन्यांचे आपले अहवाल तपासले तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त मजकूर आधी कळवलेलाच किंवा तसाच दिसणारा निघाला, आणि निम्म्याहून जास्त भार फक्त सहा व्हिडिओंचा होता. या ढिगातून नवा व्हिडिओ टाकणारा वेगळा काढणं हे पहिलं काम.

दोन, वेळ. अहवालातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. साडेपाच तास मिळवायचे राहिले की सेवा कंपनी भलत्याच ग्राहकाचं नाव देते आणि पोलीस निरपराध माणसाच्या दारात उभे राहतात. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरतात, म्हणून पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरचा नेमका ग्राहक ओळखायला लागणारा जोडक्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ दोन्ही मागावे लागतात.

तीन, जप्ती. चालू संगणक घाईने बंद केला तर मेमरीतल्या, कुलूपबंद डिस्क उघडणाऱ्या डिजिटल किल्ल्या जातात आणि डिस्क कायमची कुलूपबंद राहते. फोन नेटवर्कपासून तोडणाऱ्या पिशवीत ठेवायचा, नाहीतर दुरून पुसला जातो. मूळ डिस्कला राइट ब्लॉकर (तिच्यावर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून प्रत घ्यायची, हॅश जागेवरच पंचनाम्यात लिहायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यात अ भाग आणि तज्ज्ञाचा ब भाग, दोन्हींत हॅश. झडतीचं चित्रीकरणही आता बंधनकारक. पंचनाम्यातला हॅश आणि प्रयोगशाळेतला हॅश जुळला नाही, तर बचावाच्या वकिलाला दुसरं काही शोधावं लागत नाही.

तळटीप

आयसीएसईमध्ये भारत आहे का?

पंचनामा

हो. २०२२ मध्ये सीबीआयमार्फत जोडला गेला, ६८ वा देश. सीबीआयचा या गुन्ह्यांसाठीचा वेगळा विभाग २०१९ पासून आहे. नोव्हेंबर २०२१ मधलं 'ऑपरेशन कार्बन' (७०हून जास्त ठिकाणी झडत्या, ८३ आरोपी) आणि सप्टेंबर २०२२ मधलं 'मेघचक्र' (५९ ठिकाणं) त्याचीच. मेघचक्रची माहिती न्यूझीलंड पोलिसांनी दिली आणि ती इंटरपोलच्या सिंगापूर केंद्रातून आली.

मात्र भारत बुडापेस्ट कराराचा (सायबर गुन्ह्यांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) सदस्य नाही, त्यामुळे परदेशी कंपनीकडून मजकूर हवा असेल तर अनेकदा परस्पर कायदेशीर साहाय्याच्या लांब वाटेने जावं लागतं. कंपन्या तोपर्यंत पुरावा ठेवतीलच असं नसे. अमेरिकेने मे २०२४ मध्ये कळवलेला मजकूर जपून ठेवण्याची मुदत ९० दिवसांवरून एक वर्षावर नेली, ते फार उपयोगी आहे.

कोडवाली

यात एआयची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने 'ऑपरेशन कंबरलँड' झालं, १९ देश, २५ अटका, आणि मजकूर पूर्णपणे एआयने बनवलेला. ओळख पटवणाऱ्यांपुढचा प्रश्न बदलला आहे: हे मूल कुठे आहे, याच्या आधी हे मूल आहे का, हे ठरवावं लागतं. नसलेल्या मुलाच्या शोधात गेलेला प्रत्येक दिवस असलेल्या मुलाच्या वाट्याचा असतो.



माहेर_सावंतवाडी

सामान्य माणसाने काय करायचं ते कुणी सांगेल का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागे 'या नराधमाला ओळखा, पुढे पाठवा' म्हणून एक क्लिप आली होती.

विधीज्ञा_ठाणे

ताई, पुढे पाठवायची नाही, हे पहिलं. हेतू चांगला असला तरी आयटी कायद्याच्या ६७ब खाली तो प्रसारच होतो, आणि त्या मुलाची ओळख उघड करणं हा पॉक्सोच्या २३ व्या कलमाखाली वेगळा गुन्हा. स्क्रीनशॉट काढून ठेवायचा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की असा मजकूर जवळ ठेवून तो नष्ट न करणं किंवा न कळवणं पॉक्सोच्या १५ व्या कलमात येऊ शकतं. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख-वेळ किंवा साइटचा पत्ता लिहून घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. या प्रकारात नाव न देताही तक्रार करता येते. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८ किंवा ११२. मुंबईतल्या 'आरंभ इंडिया'ने ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेलं पोर्टलही आहे, तिथून मजकूर काढून टाकण्याची कारवाई होते.

नकाशा

आणि ज्यांना शोधात मदत करायची आहे त्यांच्यासाठी युरोपोलचं 'ट्रेस अ‍ॅन ऑब्जेक्ट' हे पान आहे, २०१७ पासून. तिथे मुलाचं काहीही नसतं. फक्त चित्रातून कापून काढलेली वस्तू असते: पिशवी, पडदा, बाटलीवरचं लेबल. ही वस्तू कुठल्या देशात मिळते एवढंच सांगायचं. तिथे आशियातल्या वस्तूही येतात. एखादं दुकान, एखादा ब्रँड फक्त कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातच मिळतो हे युरोपातल्या अधिकाऱ्याला कळणार नाही, आपल्यातल्या कुणाला एका नजरेत कळेल.

अवंती_क

सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं हललं आहे, पूर्ण नाही. तपासासाठी दुरून पाहत राहणं आणि साइट स्वतः चालवणं यांत फरक आहे. पहिलं मला आता समजतं, दुसऱ्याला विरोध कायम. 'वेलकम टू व्हिडिओ'त सर्व्हर आधी उचलून दीड वर्ष शांतपणे काम केलं, ते मला सर्वांत पटलं. पण मग किडफ्लिक्सला तीन वर्षं का?

हार्डडिस्क

कारण सर्व्हर कुठे आहे हेच आधी माहीत नसतं. सदस्य म्हणून आत शिरता येणं आणि यंत्र कुठल्या इमारतीत आहे हे कळणं यांत कधी महिने, कधी वर्षं जातात. तोवर 'त्याच दिवशी बंद' करण्याजोगं पोलिसांच्या हातात काही नसतं. किडफ्लिक्सचा सर्व्हर मिळाला तेव्हा त्यावर सुमारे ७२,००० व्हिडिओ होते आणि त्यांतल्या मुलांची ओळख पटवण्याचं काम छाप्यांनंतरही युरोपोलकडे चालूच होतं. ३९ हा आकडा घोषणेच्या दिवसाचा आहे.